बतावणीला सोपानदेव भेटेल काय?

रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवू नये, असा नियम देशात २००० सालापासून आहे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या कठोर अंमलबजावणीविषयी बजावले. राज्य सरकारांना वर्षातून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. आणि ते दिवस बहुतांशी गणेशोत्सव, नवरात्र अशा मोठ्या उत्सवांच्या वाट्याला जातात. या नियमाविरुद्ध ओरड करण्याचे कारण नाही. परीक्षेला बसलेला विद्यार्थी, अंथरुणाला खिळलेला रुग्ण, पहाटे पाण्याची पाळी धरण्यासाठी उठणारा शेतकरी यांच्या झोपेचा हक्क कोणीही नाकारणार नाही. तथापि या नियमाने जळगाव-धुळ्याकडच्या गावयात्रांतून एक अशी गोष्ट हळूहळू नाहीशी होत आहे, की जिचा विचार नियम करणाऱ्यांनी केलेला असणे शक्यच नव्हते. ती गोष्ट म्हणजे तमाशातील दोन विनोदी नटांची जोडी.

हे कसे घडते, याचा हिशेब सोपा आहे. तमाशाचा क्रम ठरलेला. प्रथम गण, मग गवळण, मग बतावणी, मग लावण्यांची रंगबाजी आणि सर्वांत शेवटी वग. गावाची जेवणे आटोपून, गुरांचे वैरणपाणी होऊन लोक मैदानात येऊन बसेपर्यंत नऊ वाजतात. पूर्वी गण दहाला सुरू झाला तरी कोणाचे काही बिघडत नव्हते. वग मध्यरात्रीनंतर उभा राही आणि तांबडे फुटेपर्यंत चाले. आज फडाच्या हाती तास-दीड तास उरतो. एवढ्या अवधीत सर्व काही बसत नाही, म्हणून काहीतरी गाळावे लागते. शिट्ट्या मारणाऱ्या पोरांना गाणी हवी असतात, सुपारी देणाऱ्या पंचमंडळींना गडबड नको असते, आणि फडमालकाला पुढच्या गावाची सुपारी हवी असते. मग गण दोन मिनिटांत उरकतो, गवळणीत मावशी दर्शन देऊन जाते, चित्रपटगीतांवरचे नाच लांबतात आणि वग गळतो. फलकावर वगाचे नाव असते. प्रत्यक्षात तो उभा राहण्याआधीच पोलीसपाटलाचा निरोप आलेला असतो. ज्या दोन माणसांनी आयुष्यभर वगातील हवालदार, सावकार, सालदार आणि पाटील रंगवले, ती कनातीच्या मागे तोंडाला रंग लावून बसून राहतात.

सुशिक्षित वाचकाला यात फारसे काही गमावल्यासारखे वाटणार नाही. तमाशा म्हणजे लावणी, आणि लावणी तर आता शहरातल्या नाट्यगृहात, महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत आणि दूरचित्रवाणीवर प्रतिष्ठेने नांदते आहे, असा त्याचा समज असतो. हा समज अर्धवट आहे. लावणीला घुंगरू, साज आणि संगीत यांचा आधार असल्यामुळे ती फडातून उचलून अन्यत्र नेता आली. बतावणी तशी नेता येत नाही, कारण ती दोन माणसांत आणि समोरच्या गर्दीत घडते. एक जण सरदार किंवा नाईक. तो शहाणा, रुबाबदार, प्रश्न विचारणारा. दुसरा सोंगाड्या, तो वेंधळा, उलटे उत्तर देणारा, आणि त्या वेंधळेपणाच्या आडून नेमके वर्मावर बोट ठेवणारा. पहिल्याने प्रश्न किंचित आधी विचारला तरी हशा मरतो, किंचित उशिरा विचारला तरी मरतो. टाळ्या सोंगाड्याला मिळतात. परंतु त्या कोणत्या क्षणी मिळाव्यात, हे सरदार ठरवीत असतो. या दुसऱ्या माणसाची किंमत प्रेक्षकांना कधी कळत नाही; फडातल्या ढोलकीवाल्याला मात्र ती पक्की ठाऊक असते.

खानदेशात या जोडीला आणखी एक हत्यार लाभले, ते अहिराणीचे. सरदाराने किंवा साहेबाने पुस्तकी मराठीत बोलावे आणि सोंगाड्याने अहिराणीत उत्तर द्यावे, एवढ्याने निम्मे काम होते. उदाहरणादाखल एवढेच पाहावे, की अहिराणीत ‘कथा’ म्हणजे ‘कुठे’. गावात चौकशीसाठी आलेल्या अंमलदाराला सालदाराने अदबीने विचारले, “साहेब, कथा चालनात?” तर अंमलदार गुरकावणार, की “कथाकीर्तनासाठी आलेलो नाही, पंचनामा करायचा आहे.” येथून दोघांना हवे तितके ताणता येते. सालदार जितका अधिक नम्र होईल तितका साहेब अधिक चिडेल. आणि समोर बसलेल्या हजार माणसांना, ज्यांना कचेरीत आपली बोली बोलताना अवघडल्यासारखे झालेले असते, एका रात्रीपुरते कळेल की अडाणी कोण आहे. शाळेतल्या गुरुजींनी ज्या बोलीबद्दल छड्या मारल्या, तीच बोली येथे जिंकते. खानदेशच्या या भाषेची नोंद ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाने १९०७ सालीच नवव्या खंडात केली; पण ती भाषा हसते कशी, हे त्या खंडात सापडणार नाही. ते ऐकावयाचे तर यात्रेच्या मैदानावरच जावे लागे.

तमाशाच्या फडांची नावे पाहिली तरी या कलेचा कणा जोडीचा आहे, हे ध्यानात येते. १८६५ च्या सुमारास ‘मोहना-बटाव’ हा पहिला वग रंगभूमीवर आणल्याचे श्रेय अभ्यासक ज्यांना देतात, ते उमा-बाबू सावळजकर. विठाबाई ज्या फडात वाढल्या तो भाऊ-बापू नारायणगावकरांचा. खानदेशातही भिका-भीमा सांगवीकर, धोंडू-कोंडू अशी जोडनावेच फलकांवर झळकली. व्यक्तीचे आडनाव मागे पडते आणि दोघांच्या नावांपुढे गावाचे नाव लागते, हीही या व्यवसायाची रीत. ज्या गावाने बहुतेक वेळा या कलावंतांना वेशीबाहेर ठेवले, त्याच गावाचे नाव त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून मिरवले. यावर त्या गावांनी कधी विचार केला आहे, असे दिसत नाही.

या सर्व जोड्यांत महाराष्ट्रभर गाजली ती काळू-बाळूंची. सांगली जिल्ह्यातील कवलापूरच्या खाडे घराण्यात तमाशा पिढीजात होता आणि जोडीही पिढीजात होती. आधी सातू-हिरू, मग शिवा-संभा, आणि मग लहू व अंकुश हे १९३३ साली जन्मलेले जुळे भाऊ. नावे जणू रामायणातून उचललेली; पण लोकांनी ती विसरून टाकली. ‘जहरी प्याला’ या वगात दोघांनी काळू आणि बाळू नावाचे हवालदार उभे केले आणि त्या हवालदारांची नावे आयुष्यभरासाठी त्यांना चिकटली. वास्तविक जुळेपणा हा विनोदाला अडसरच ठरावयाचा. जोडीत एक लठ्ठ, एक सडपातळ. एक उंच, एक बुटका. एक हुशार, एक मठ्ठ, अशी विषमता लागते. लॉरेल आणि हार्डी डोळ्यांसमोर आणावेत. काळू-बाळूंकडे ही विषमता नव्हती. तेच नाक, तोच आवाज, तोच गणवेश. त्यांनी या साम्याचेच भांडवल केले. दोन हवालदार इतके एकसारखे, की कोणता कायदा बोलतो आहे आणि कोणता कायदा त्याला दुजोरा देतो आहे हे फिर्यादीला कळू नये! सत्तेचा असा उपहास एखाद्या अग्रलेखाला क्वचित साधेल. २०११ साली लहू खाडे गेले. जुळ्यांपैकी एक गेल्यावर दुसऱ्याला नवा जोडीदार कोठून मिळणार?

हा प्रकार केवळ आपल्याच मातीचा आहे असे समजण्याचे कारण नाही. इंग्लंडमधील एरिक मोरकॅम्ब आणि एर्नी वाइज या जोडीची हकीगत कवलापूरपासून फार दूरची नाही. १९४१ साली, वय पंधरा-सोळा असताना, ही दोन पोरे लिव्हरपूलच्या रंगमंचावर प्रथम जोडीने उभी राहिली. एरिकचे खरे आडनाव बार्थोलोम्यू. त्याने आपल्या गावाचे, मोरकॅम्बचे, नाव लावले. म्हणजे तोही आपल्या परीने ‘मोरकॅम्बकर’च! गावोगावच्या नाट्यगृहांतून गाणी, नकला, कसरती यांच्या मधल्या जागेत दहा-बारा मिनिटे हसवून त्यांनी कित्येक वर्षे पोट भरले. पुढे दूरचित्रवाणी आली, ती नाट्यगृहे एकेक करून बंद पडली आणि ही जोडी पडद्यावर गेली. १९७७ च्या नाताळात त्यांचा कार्यक्रम ब्रिटनमधील दोन कोटींहून अधिक लोकांनी एकाच रात्री पाहिला. एवढ्या यशानंतरही एरिकचा शेवट रंगमंचाच्या कडेलाच झाला. मे १९८४ मध्ये ट्यूक्सबरी येथील एका नाट्यगृहात प्रयोग आटोपून, प्रेक्षकांच्या टाळ्यांना पुन्हापुन्हा उत्तर देऊन तो विंगेत आला आणि कोसळला. रुग्णालयात त्याचा अंत झाला. १९९९ साली त्याच्या गावी समुद्रकाठी त्याच्या पुतळ्याचे अनावरण झाले, ते खुद्द राणी एलिझाबेथच्या हस्ते.

पुतळ्याचा हेवा वाटण्याचे कारण नाही. पुतळे आपल्याकडे काही कमी नाहीत. हेवा वाटावा असे दुसरेच आहे. त्या जोडीचे संवाद लिहिलेले आहेत, छापलेले आहेत, त्यांचे बहुतेक प्रयोग चित्रफितींवर सुरक्षित आहेत. त्यातही एक दुखरी जागा आहे. बीबीसीसारख्या श्रीमंत संस्थेने त्या काळी फिती महाग म्हणून पुन्हा वापरण्यासाठी पुसल्या, आणि त्यात या जोडीचे आरंभीचे काही कार्यक्रम कायमचे गेले. आज तेथील लोक कोणाच्या माळ्यावर एखादी जुनी फीत सापडते का, याचा शोध घेत असतात. जे पुसले गेले त्याची हळहळ त्यांना वाटते, कारण जे उरले ते त्यांनी पाहिले आहे. खानदेशच्या जोड्यांचे पुसण्याजोगेही फारसे काही नाही. जे कधी टिपलेच गेले नाही, त्याची हळहळ कोणाला आणि कशी वाटावी?

ते टिपले का गेले नाही, याची कारणे पाहिली पाहिजेत. पहिले कारण बतावणीच्या स्वभावातच आहे. ती संहितेवर चालत नाही. मुद्दा ठरलेला असतो, वळणे ठरलेली असतात. बाकी सर्व त्या गावात त्या रात्री जुळते. गावात कापसाचे चुकारे अडकले असतील तर सावकाराच्या तोंडी तो विषय येईल. केळीच्या पट्ट्यात, रावेर-यावलकडे, व्यापाऱ्याच्या काट्यावर कोटी होईल. आखाजीला सालदारांचे साल संपून नवे साल ठरते, त्या सुमारास मालक आणि सालदार यांचा सौदा रंगेल. पुढच्या रांगेतल्या एखाद्या पाटलाने मिशीवर हात फिरवला, तर तोही त्यात ओढला जाईल. एका गावची बतावणी दुसऱ्या गावी जशीच्या तशी चालत नाही. स्वातंत्र्यानंतरच्या काळात सरकारने तमाशा ‘सुधारण्याचे’ मनावर घेतले आणि संहिता आधी तपासून घेण्याची पद्धत आली. फडांनी निमूटपणे वगाच्या वह्या सादर केल्या, वह्यांवर शिक्के पडले. आणि रंगमंचावर जोडीने जे बोलावयाचे ते बोलणे सुरूच ठेवले. त्या वह्यांत नसलेला मजकूर हीच खरी बतावणी होती. एका अर्थी तमाशाने सरकारला फसवले. पण त्या फसवणुकीची किंमत ही, की खरा मजकूर कागदावर कोठेच राहिला नाही.

दुसरे कारण आपल्या रसिकतेत आहे. हाच विनोद शहरात आला तेव्हा त्याचे स्वागत झाले. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मधून १९६५ पासून दादा कोंडके महाराष्ट्रभर पोहोचले. शंकर पाटलांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’मध्ये निळू फुले आणि राम नगरकर यांनी जी देवघेव केली तिच्या आठवणी जुने प्रेक्षक अजून काढतात. ही लोकनाट्ये छापली गेली, अभ्यासली गेली, त्यांवर प्रबंध झाले. ते योग्यच झाले. सबनीसांनी आणि पाटलांनी फडाकडून जे घेतले ते उसने घेतल्याची जाण ठेवून घेतले. परंतु ज्या विहिरीतून हे पाणी शेंदले गेले, त्या विहिरीची नोंद करण्याची बुद्धी मागाहून आलेल्या कोणाला झाली नाही. दादू इंदुरीकरांचे ‘गाढवाचं लग्न’ हा एक ठळक अपवाद. त्यातील सावळ्या कुंभार आणि प्रभा शिवणेकरांची गंगी ही नवरा-बायकोची जोडी शहराने डोक्यावर घेतली, इंदुरीकरांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही मिळाला. पण इंदुरीकरांना पुण्या-मुंबईचे रस्ते जवळ होते. चाळीसगाव-शिंदखेड्याच्या सोंगाड्याला मुंबईचे समीक्षक पाहावयास मिळणे कठीण. आणि समीक्षकाला त्याची अहिराणी समजणे त्याहून कठीण.

येथे एक आक्षेप उभा राहील, आणि तो टाळून चालणार नाही. बतावणी अश्लील असते, द्व्यर्थी असते. घरच्या बायकामुलांसह ती ऐकवत नाही. अशा गोष्टीचे जतन कशाला? आक्षेपात तथ्य आहे. हलक्या शब्दाला लवकर टाळी मिळते हे प्रत्येक सोंगाड्याला ठाऊक असते, आणि वेळ थोडा असला की तो त्याच वाटेने जातो. बायकांच्या शरीरावरच्या कोट्या अनेक फडांत किळस येईल इतक्या चालतात. त्यांचे समर्थन कोणी करू नये. परंतु वेळ आणि अश्लीलता यांचा संबंध ध्यानात घेतला पाहिजे. वग हा मोठा पट असतो. त्यात हवालदाराची लाचखोरी उलगडावयास अर्धा तास मिळतो, सावकाराच्या खतावणीतील खोट दाखवावयास तेवढाच. त्या अवकाशात विनोदाला माणसे लागतात, प्रसंग लागतो. हा अवकाश काढून घेऊन दोन गाण्यांमध्ये पाच मिनिटे दिली, तर नट त्या पाच मिनिटांत काय करणार? जी गोष्ट वेळेअभावी बिघडली आहे ती मुळातच नासकी होती, असा निवाडा देणे न्यायाचे नव्हे. शिवाय तमाशाचा भार पिढ्यान्‌पिढ्या महार, मांग, कोल्हाटी या जमातींतील कलावंतांनी वाहिला. गावात ज्याला मान वर करून बोलता येत नसे, तो बोर्डावर उभा राहून पाटलाला आणि हवालदाराला प्रश्न विचारी. सभ्यतेच्या नावाखाली हे प्रश्न विसरून जाणे काही लोकांना सोयीचे असेल. शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना ते सोयीचे असू नये.

दुसरा आक्षेप असा, की काळ बदलला. लोकांना मोबाइल पुरतो. आता मैदानात बसून विनोद ऐकणार कोण? याचे उत्तर खानदेशच्या उंबरठ्यावरच आहे. मालेगावच्या हौशी मंडळींनी २००० साली तुटपुंज्या साधनांनी ‘शोले’चे विडंबन केले आणि पुढे त्या गावाचे नाव देशभर झाले. त्याच गावातील ‘छोटू दादा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कलावंताच्या विनोदी चित्रफिती कोट्यवधी वेळा पाहिल्या गेल्या आहेत, आणि त्यांच्यावर नाव खानदेशचे असते. म्हणजे येथल्या विनोदाला गिऱ्हाईक नाही हे खरे नाही. प्रश्न एवढाच, की मोबाइलवरच्या विनोदाला समोरचा माणूस दिसत नाही. पुढच्या रांगेतला पाटील मिशीवर हात फिरवतो तो त्याला कळत नाही. हशा कोठे मंदावला, कोठे उसळला, हे ऐकून पुढचे वाक्य बदलण्याची विद्या त्यात वापरावी लागत नाही. आणि न वापरलेली विद्या एका पिढीत विसरली जाते. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे करोनामुळे यात्रा भरल्या नाहीत. शंभर माणसांचे बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या फडांनी उचल घेतलेली होती. ती डोक्यावर तशीच राहिली. अनेक कलावंत शेतमजुरीला, वीटभट्टीला गेले. लावणीवालीला समारंभाचे आमंत्रण तरी येऊ शकते. एकटा सोंगाड्या कोण बोलावणार? आणि एकट्या सरदाराला तर विचारावयास प्रश्नच उरत नाही.

या प्रदेशाला जतनाची परंपरा नाही, असेही नाही. उलट ज्या दोन जिल्ह्यांविषयी हे लिहिले जात आहे, तेथे जतनाचे वेडच पिढ्यान्‌पिढ्या होते. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून घराघरांतील दप्तरे गोळा करीत. १९२६ च्या अखेरीस त्यांनी देह ठेवला तो धुळ्यात, आणि लगेच त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते मठामठांतून आणून वाग्देवता मंदिरात ठेवली. अमळनेरला शिक्षक म्हणून राहिलेल्या साने गुरुजींना बायकांच्या जात्यावरच्या ओव्या वेचण्याजोग्या वाटल्या. आणि जळगावचे उदाहरण तर सर्वांना पाठ आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. शेतात, जात्यावर त्या जे रचीत गेल्या ते मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्या माणसांनी टिपून ठेवले. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी ते आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आले. आज विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. घरात लिहिणारा मुलगा नसता तर आसोद्याच्या त्या बाईचे नाव जळगाव तालुक्याबाहेर कोणाला कळले असते? बहिणाबाईंच्या काळी आणि नंतरही त्याच शिवारातल्या यात्रांत कित्येक जोड्या तितक्याच सहजतेने बोलत होत्या. त्यांना सोपानदेव मिळाला नाही, इतकेच.

तो आता मिळू शकतो; आणि त्यासाठी कवी असण्याचीही गरज नाही. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे येतात. मराठीचे पदव्युत्तर विद्यार्थी दरवर्षी प्रकल्प लिहितात; त्यांतील बरेचसे आधीच्या प्रकल्पांवरून लिहिलेले असतात, हे प्राध्यापकांना सांगण्याची आवश्यकता नाही. त्याऐवजी एकेका विद्यार्थ्याने एकेका जुन्या सोंगाड्याच्या दारी जावे. तेथे जाऊन ‘आपल्या कलाजीवनाविषयी सांगा’ असे विचारल्यास काहीही हाती लागणार नाही. वार्धक्य, निवृत्तिवेतनाचे हेलपाटे आणि जुन्या मालकाची तक्रार एवढेच ऐकू येईल. बतावणी एकट्याच्या आठवणीत राहत नाही. त्याचा सरदार हयात असेल तर त्याला पंचवीस मैलांवरून मोटारीने आणावे, दोघांना समोरासमोर बसवावे, आणि प्रेक्षक म्हणून त्याच गावची पन्नास-साठ माणसे गोळा करावीत. राजवाड्यांनी दप्तरांसाठी केली त्या पायपिटीच्या मानाने हे श्रम कमीच आहेत.

वगाची वेळ हा याहून वेगळा प्रश्न आहे, आणि तोही सुटण्यासारखा आहे. पुण्या-नारायणगावकडे यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फडाची ‘हजेरी’ असते. देवळासमोर, उजेडात, बायकामुलांसमोर तमाशा उभा राहतो. वग अंधारातच रंगतो ही समजूत तेथे रोज खोटी ठरते. सारंगखेड्याची दत्तयात्रा, धुळ्याची एकवीरेची यात्रा, शेकडो लहान गावांचे उरूस, यांच्या पंचांनी सुपारी देतानाच एवढी अट घातली, की सायंकाळी सहाला गण आणि साडेसातला वग, तर नियमाचा भंग न होता अडीच तासांचा वग उभा राहतो. जेवणे उशिरा होतील. पण भारूड, कीर्तन, क्रिकेटचा सामना यांसाठी जेवणे उशिरा होतच असतात. अट घालणाऱ्या पंचमंडळींत हल्ली गावचे शिक्षक आणि ग्रामसेवक असतात. या बाबतीत त्यांच्या शब्दाला वजन आहे. संध्याकाळी वग लागला तर घरातल्या बायकाही येतील, आणि त्या समोर बसल्या की सोंगाड्याची जीभ आपोआप आवरती होते, हा फडाचा जुना अनुभव आहे.

ध्वनिमुद्रण करताना मात्र एक काळजी घ्यावी लागेल. जत्रेतल्या चित्रफितींत ध्वनिक्षेपक सोंगाड्याच्या तोंडाशी धरलेला असतो. त्यामुळे त्याचा शब्द स्पष्ट येतो, सरदाराचा प्रश्न अस्पष्ट येतो आणि प्रेक्षकांचा हशा तर केवळ खरखर म्हणून उरतो. तीन यंत्रे लागतील. एक सोंगाड्याजवळ, एक सरदाराजवळ, आणि तिसरे मैदानाकडे तोंड करून.